मत नसलेले प्रतिनिधी

एका मंगळवारी सकाळी आमच्या मराठी मंडळाचे बॅचलर-प्रतिनिधी कुवेतच्या फिंतास भागातल्या घरी वारले.

इतका चिडणारा आणि इतका नियम पाळणारा माणूस उभ्या कुवेतमध्ये दुसरा झाला नाही. इथे बॅचलर म्हणजे ज्याची बायको गावी आहे तो. मग त्याला नातवंडं का असेनात. मंडळात एका कुटुंबाला एक मत. बॅचलरांनी कार्यक्रमाच्या खुर्च्या मांडाव्यात आणि आपला एक माणूस कार्यकारिणीत पाठवावा. त्याने बोलावं, हात वर करू नये. ते अकरा वर्षं तसे बसले. मतदान सुरू झालं की दोन्ही हात मांडीखाली घेत. ‘‘चुकून वर गेला तर घटनाभंग व्हायचा!’’ प्रत्येक इतिवृत्तात ‘उपस्थित होते, बोलले, मोजले नाहीत’ असं चिटणीसांकडून लिहून घेत. कुणी चहा की कॉफी विचारलं तर फणकारत, ‘‘मला मत विचारताय? तसा ठराव झालाय?’’ आणि दोन्ही न घेता उठत. घरी मात्र एकत्र राहणाऱ्या चौघा इंजिनियरांत भाजीवर रोज मतदान. यांचं पडवळ रोज पडे, पण आपलं एक मत मोजलं गेलं, एवढ्यावर ते भेंडी आनंदाने जेवत.

त्यांचे खरे सगेसोयरे अमेरिकेच्या इतिहासात होते. तिथे जो प्रदेश अजून राज्य झालेला नसे, त्याचा प्रतिनिधी संसदेत बसे, भाषण करी, विधेयकही मांडी. मत देता येत नसे. अशा माणसांवर ते तासन्‌तास बोलत आणि शेवटी टेबलावर मूठ आपटत. ‘‘अहो, त्यांचा प्रदेश कधीतरी राज्य व्हायचा! आम्ही काय व्हायचं? नाशिकला आई अंथरुणाला खिळलेली. बायकोला इथे आणलं तर आम्ही राज्य, तिकडे ठेवलं तर आम्ही वाळवंट?’’

हेच व्याख्यान त्यांनी शहराबाहेर वफ्रा भागातल्या शेतावर टोमॅटोच्या हरितगृहातही दिलं. लातूरकडचा एक कामगार शांतपणे ऐकून म्हणाला, ‘‘सायेब, अमेरिका ऱ्हाऊ द्या. दिवाळीच्या कार्यक्रमाला आमाला आत बसू देनार का नाई, तेवढं बोला.’’ प्रतिनिधी ओशाळले. त्याच आठवड्यात त्यांनी ठराव लिहिला: बॅचलरांनाही मत असावं.

वार्षिक सभेत ते चाळीस मिनिटं बोलले. अध्यक्ष म्हणाले, ‘‘काका, भावना पोचल्या. पण फॅमिली वातावरण टिकायला नको का?’’ जणू गावाकडे रोज रात्री फोन करणाऱ्या माणसांना कुटुंबच नव्हतं! हात मोजले. ठरावाला एक मत कमी पडलं. ते मत आमच्या घरचं होतं. बायको म्हणाली होती, ‘‘अहो, करा ना वर.’’ मी दोन्ही बाजूंचा विचार करत होतो. तेवढ्यात मोजणी संपली.

गाड्यांपाशी ते मला भेटले. रागावतील असं वाटलं होतं. खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, ‘‘तुम्ही फार वाचता हो.’’

शोकसभेत श्रद्धांजलीचा ठराव एकमताने झाला. सगळे हात वर होते, माझाही. मला त्या सभागृहाची शिसारी आली, आणि त्यात मीही बसलो होतो.

जूनमध्ये मुलीच्या कॉलेजसाठी बायको तिला घेऊन पुण्याला परतली. बॅचलरांनी मला कार्यकारिणीत पाठवलं आहे. काकांचा तो ठराव मी पुन्हा मांडला आहे. मला मत नाही.