कोर्सच्या रकान्यात काय टाकू?

मंगरूळपीरला बसस्टँडजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. बारावीचा निकाल लागला की नर्सिंग, फार्मसी, बीएएमएस, लॅब टेक्निशियन, सगळी गर्दी माझ्याच टेबलासमोर. कॉम्प्युटरमध्ये फायली साठतात, डोक्यात किस्से. फायली निदान डिलीट तरी करता येतात!

*

शेलूबाजारचे एक काका लेकीला घेऊन आले. मी विचारलं, "डॉक्टरकी नाही मिळाली तर दुसरा पर्याय काय टाकू?"

"दुसरा नाईच. डॉक्टरच!"

लेक हळूच म्हणाली, "बाबा, मले फिजिओथेरपी करायची हाय."

"म्हंजे मालिश?"

"नाई बाबा. ज्याले चालता येत नाई, त्याले पुन्हा चालवाचं."

काका रागानं उठायला गेले, अन् गुडघा धरून परत खुर्चीत बसले. गुडघा चोळतच म्हणाले, "टाका ताई. पह्यला पेशंट तं घरातच हाय!"

*

एका पोराला नर्सिंगला जायचं होतं. सोबतचा काका ऐकेना. "नर्सिंग पोरींचं काम हाय. लोक काय म्हनतीन?"

पोरगा शांतपणे म्हणाला, "आबा वर्षभर खाटेवर होते. त्याईची कूस कोन बदलून देत होतं, काका?"

काकानं खुर्ची माझ्याकडे वळवली. मग मला विचारलं, "फोटो पासपोर्ट साईजचाच लागते काय?"

*

कापड दुकानवाल्या जैन घरातली मुलगी आजीसोबत आली. आजीला नर्सिंगचा कोर्स पटला होता, अडचण एकच.

"आपन दिवस मावळल्यावर जेवत नाई. अन् संध्याकाळची ड्यूटी लागली तं?"

"आजी, पेशंट काई सूर्य पाहून आजारी पडत नाई!"

आता वाद होणार म्हणून मी माऊस सोडला. आजी म्हणाली, "मंग डबा किती वाजता पोचवा लागन, ते इचार."

*

डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा दोनदा देऊन बसलेला एक मुलगा. तिसऱ्यांदा फॉर्म भरताना थांबला. "ताई, डॉक्टर नाई झालो तं गावात कोन्त्या तोंडानं जाऊ?"

मागे प्रिंटसाठी थांबलेले एक आजोबा म्हणाले, "बापू, मी डायलिसिसले वाशिमले जातो, हप्त्यातून दोनदा. डॉक्टरसायेब कवा कवा दिसते. मशीनवाल्या पोराचं तोंड मातर मले दर खेपेले दिसलं पाह्यजे. नाई दिसलं तं भेव वाटते."

मुलगा उठला. फॉर्म तसाच ठेवून आजोबांशेजारी जाऊन बसला. "बाबा, तो पोरगा काय शिकला हो?"

*

पोहरादेवीकडची एक आशाताई. गावातल्या बाळंतिणींना दवाखान्यात नेण्यात तिची कितीतरी वर्षं गेलेली. सोबत अकरावीतली लेक. मी नेहमीसारखं लेकीला विचारलं, "नाव सांग बेटा."

"माह्यं नाई, मायचं लिवा. एएनएमचा, नर्सबाईच्या कोर्सचा फॉर्म भराचा हाय."

आई लाजून उठायला लागली. "ताई, हे येडी झाली. ह्या वयात पोरींच्या संगं बाकावर बसू काय? लोक हासतीन."

"हासू दे. वयाची अट संपाले चारच महिने राह्यले, माय. पुढच्या साली कोनी फॉर्म घेनार नाई. बस!"

आई बसली. बारावीची मार्कशीट पिशवीत होतीच, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. म्हणजे ठरवूनच निघाली होती!

मी प्रिंट काढली. आईनं जपून, एकेक अक्षर काढत सही केली. खाली आणखी एक रकाना होता: पालकाची सही.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत लेकीनं तिच्या हातातला पेन घेतला आणि सही करून टाकली.