घरच्या घड्याळाची बारा मिनिटं

जिन्यात अशी बातमी होती की तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी नवऱ्याला एका खोक्यात ठेवलंय आणि रोज संध्याकाळी त्या त्याच्याशी भांडतात. तळमजल्यावरचे पेन्शनर तर शपथेवर सांगायचे, "अहो, या कानांनी ऐकलंय! ‘बोला की आता, का गप्प?’ असं म्हणत होत्या."

त्यातलं खोकं तेवढं खरं. बाकी तिखटमीठ. खोकं म्हणजे काकांनी जुन्या कम्प्युटरचा केलेला घरचा सर्व्हर. काकूंच्या शिलाई मशीनशेजारी, चिंध्यांच्या पिशवीला टेकून तो दिवसभर घुरघुरायचा. काका लिफ्ट दुरुस्त करायचे. कुठली लिफ्ट कशी कण्हते ते छोट्या रेकॉर्डरवर टिपायचे आणि घरी आले की रेकॉर्डर खोक्याला जोडायचे. आवाज उतरवून ठेवायचं काम पुढे खोकं आपोआप करायचं. काका गेले त्यानंतरही काकूंनी रेकॉर्डर एकदा तसाच जोडला होता, सवयीने. आता वर्ष झालं. आणि काकू भांडायच्या त्या नवऱ्याशी नव्हे, पडद्यावरच्या एका ओळीशी.

ती ओळ पुतणीने उकरून काढलेली. पुतणी सोळा वर्षांची, घराण्याची अधिकृत नकलाकार. रेकॉर्डरचं कार्ड कधीही मान टाकेल म्हणून तिने कार्डावरच्या आणि खोक्यातल्या फायली ताडून पाहिल्या, तर आठशे अठ्ठेचाळीस फायलींत एकीचीही वेळ जुळेना. पडदा विचारत होता, कुठली वेळ ठेवू? एक ठेवली की दुसरी कायमची पुसली जाणार.

"ठेव कुठलीही. आवाज तर तोच आहे ना?" पुतणी म्हणाली.

"हात लावू नकोस!" काकू इतक्या जोरात ओरडल्या की पुतणी नक्कल करायचंही विसरली.

चार-पाच दिवस ती ओळ तशीच राहिली, आणि रोज संध्याकाळी काकू तिच्याशी भांडत राहिल्या. मग एकदा त्यांनी सांगितलं. शेवटच्या दिवशी सकाळी दोघांचं वाजलं होतं. काका चहा न घेता निघून गेले. संध्याकाळी सहा चाळीसला, मोबाइलमध्ये अजून नोंद आहे, काकूंनी समेटाचा फोन केला. तो वाजून वाजून थांबला. सातला वॉचमनचा फोन आला, साहेब पायऱ्यांवर बसलेत, उठत नाहीत. तेव्हापासून काकूंना एकच गोष्ट खात होती. रागाने उचलला नाही, की उचलता आला नाही? कारण रेकॉर्डिंगमध्ये दुसरा आवाज नको म्हणून काका फोन पिशवीत घालून पिशवी लिफ्टच्या खोलीबाहेर ठेवायचे. शेवटचं रेकॉर्डिंग पाच मिनिटांचं. कार्ड म्हणत होतं, ते सहा चोपन्नला संपलं. म्हणजे चाळीसला काका मोकळे होते. खोकं म्हणत होतं, सहा बेचाळीसला संपलं; म्हणजे चाळीसला त्यांचा कान लिफ्टच्या मोटारीला होता.

"खोकं बिघडलंय गं काकू." पुतणीने नाक चिमटीत धरून कम्प्युटरवाला काढला. "‘मॅडम, याचा पार्टच येत नाही आता!’"

"फाजीलपणा पुरे. फरक कितीचा?"

"बारा मिनिटं."

"सगळ्यांत?"

पुतणीने वीसेक फायली उघडल्या. बारा. बारा. बारा.

काकूंनी ओठांतल्या टाचण्या काढल्या. "मग बिघाड नाही. बिघडलेलं मशीन इथे टाका सोडतं, तिथे ओढून धरतं. सगळीकडे एकाच मापाचं अंतर असलं ना, की समजावं, कुणीतरी टेप धरून बसलं होतं."

"लाव पैज! हरले तर महिनाभर कुणाची नक्कल नाही."

"लागली. कानांना सुट्टी मिळेल."

हे बोलता बोलताच काकूंची नजर स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे गेली, आणि कान लाल झाले. काका उशिराचे बादशहा. ‘निघालोच!’ म्हणायचे आणि मग मोजे शोधायचे. म्हणून लग्नाच्या पहिल्याच वर्षी काकूंनी ते घड्याळ गुपचूप बारा मिनिटं पुढे केलं होतं. कुणाचाही झगा शिवताना त्या दुमडीत जरा जास्तीचं कापड ठेवतात, तसंच. सव्वीस वर्षं. काकांनी रेकॉर्डरही त्याच घड्याळावर लावलेला. काकूंनी हे सगळं पुतणीला कबूल केलं.

"म्हणजे कार्ड पुढे धावतंय," पुतणी म्हणाली. "पण मग खोक्यात ही बारा मिनिटं कमी कुणी केली?"

"तेच शोध. ह्यांना तर बिचाऱ्यांना कधी संशयही आला नाही."

फायली उतरवून घ्यायच्या सूचना काकांनी खोक्यात लिहून ठेवल्या होत्या. पुतणीने त्या उघडल्या. आठ ओळी मशीनच्या भाषेत, आणि वर एक माणसाच्या. ती तिने मोठ्याने वाचली, आणि वाचता वाचता आवाज आपोआप काकांचा झाला, घोगरा, शेवटचा शब्द गिळणारा:

"घरचं घड्याळ बारा मिनिटं पुढे आहे. इथे वजा करणे. हिला सांगू नये, हिरमुसेल."

काकूंना आधी हसू फुटलं. "लबाड! सव्वीस वर्षं!" मग त्यांनी हातातला झगा तोंडावर धरला, आणि तो बराच वेळ तिथेच राहिला.

"सहा बेचाळीस," झग्यातून आवाज आला. "कामात होते."

"हो काकू. कामात होते."

खोक्यातलीच वेळ ठेवायची, हे बटण काकूंनी स्वतः दाबलं. स्वयंपाकघरातलं घड्याळ मात्र कुणी मागे केलं नाही.

आणि पैज? काकूंनी पुतणीला एका दिवसाचीही सूट दिली नाही. काकांच्या आवाजात वाचलेली ती एक ओळ तेवढी त्यांनी मोजली नाही. परवा जिन्यात पेन्शनर भेटले, "काय गं, खोक्यातले काका काय म्हणतात?" पुतणीच्या जिभेच्या टोकावर पेन्शनरांचाच आवाज तयार होता, पण वरून काकूंची कात्री वाजली आणि तो गिळावा लागला. आज सतरावा दिवस. तोंड बंद आहे, म्हणून पुतणीने हे सगळं लिहून काढलं.