मासळीत विष असल्याची बोलवा

पनवेलचं नाव निघालं की तो सुना पडलेला मासळीबाजार आजही माझ्या डोळ्यांपुढे येतो. स्वातंत्र्यानंतरची वर्षं. मी तिथे फौजदार होतो. खाडीत गलबतं लागत, बाजारपेठेत टांगे धावत आणि निम्मं गाव मला नावाने ओळखे. फार सुखाची नेमणूक होती ती.

एकदा गावात बोलवा उठली, मासळीत विष आहे. कोणी म्हणे विहिरींतही आहे. मासळीबाजार ओस पडला. चिडलेल्या लोकांनी एका कोळणीची टोपली उलथवून तिला ढकललं. तिच्या कपाळाला खोक पडली. त्याच दुपारी नाल्याकाठच्या, दागिन्यांना मुलामा देणाऱ्या कारखान्याचे मालक ठाण्यात येऊन म्हणाले, "अफवा पसरवणाऱ्याला आत टाका." कोळणीची फिर्याद नोंदवून मी तपास हाती घेतला.

अफवेचा माग उलटा काढायचा असतो. तुला कोणी सांगितलं, त्याला कोणी, असं विचारत जायचं. आमच्या हवालदारांच्या खबऱ्याने बातमी आणली, पहिला शब्द मोहल्ल्यातून निघाला होता, त्याच कारखान्याच्या मुकादमाच्या घरातून.

मुकादम कोकणी मुसलमान, घरंदाज माणूस. त्याला ठाण्यात बोलावून दरडावलं, चहा पाजला, पण तो मान वर करीना. शेवटी मी कोळणीला आत बोलावलं. कपाळाला पट्टी बांधलेली होती. ती त्याला एवढंच म्हणाली, "भाऊ, माजी मासली करंज्याच्या बंदरातली हाय, या खाडीची नाय. तिच्यात विष हाय असं कोनी सांगितलं?"

त्याचे डोळे भरून आले. "साहेब, खुदाची कसम, मी असं बोललो नाही. मुलाम्याचं सायनाइडचं पाणी नाल्यात सोडतात. नाला खाडीला मिळतो त्या तोंडाशी मासे मरून पडतात आणि लोक ते वेचून नेतात. मी फक्त बहिणीला बजावलं, ते मासे घेऊ नकोस आणि माझं नाव कुठे काढू नकोस."

बहिणीने शेजारी सांगितलं. पुढच्या घरांत जाता जाता बोलण्यातून नाला गळून पडला, विष तेवढं उरलं.

मी पंचनामा करून पाण्याचे नमुने सीलबंद केले आणि मुंबईला तपासणीसाठी पाठवले. अहवाल येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं, म्हणून नगरपालिकेशी बोलून दवंडी ठरवली. मुकादम म्हणाला, "दवंडीत माझं नाव घाला. निनावी गोष्टीत जो तो आपली भर घालतो."

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे. या बाईला माझ्या भीतीपायी मार बसला."

दुसऱ्या दिवशी दवंडीवाल्याशेजारी तो स्वतः उभा राहिला. नाल्याच्या तोंडचे मासे खाऊ नका, तिथे गुरांना पाणी पाजू नका, करंज्याची मासळी खुशाल घ्या. लोकांनी खोदून खोदून विचारलं, त्याने शांतपणे उत्तरं दिली. हळूहळू आवाज उतरले. आमच्या हवालदारांनी कोळणीकडून पापलेट घेतलं, मग बायका पुढे सरकल्या.

अहवालात विष निघालं. कारखान्यावर खटला झाला, नाल्यात सांडपाणी सोडणं बंद झालं. टोपली उलथवणाऱ्यांना दंड झाला. मुकादमाची नोकरी मात्र गेलीच. पुढे त्याने स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान काढलं. माझी बदली होईपर्यंत संध्याकाळी त्याच्या बाकावर बसून गप्पा मारायचो. त्या संध्याकाळी अजून हव्याशा वाटतात.

नंतरच्या नोकरीत अफवा पुष्कळ हाताळल्या. पण अफवा उठवणाऱ्याच्या मागे धावण्याआधी मी एक प्रश्न हमखास विचारत असे. या गावात खरं बोलायला कोण घाबरतंय?