सविताताईने पाडलेला दगड

सविताताई आज सकाळी गेली. आणि मी अजून तिच्यावर चिडलेलोच आहे.

शाळेत निघायची घाई, डबा भरत होती, तिथेच कोसळली. हार्ट. हॉस्पिटलला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेणकरपाड्यात राहायची, मूळची परभणीची, शाळेत क्लार्क. पंचेचाळिसाव्या वर्षी पंजाबी ड्रेसवर हार्नेस बांधून तारोडी गावाच्या मागच्या कातळावर चढायला शिकली.
आम्ही चढणारी पोरं हसायचो. वर्षभरात आमचं हसणं बंद झालं.

त्या कातळावर तिचा स्वतःचा एक रूट, म्हणजे वर चढायची वाट, होता. दोन हिवाळे पडून पडून, शेवटी एका शनिवारी शाळेत हाफ डे टाकून तिने तो पूर्ण केला. म्हणून रूटचं नाव 'हाफ डे'.
मधोमध परातीएवढा एक दगड पुढे आलेला. तो धरल्याशिवाय वर जाताच यायचं नाही.

मग शेजारच्या प्लॉटवर टॉवरचा बोर्ड लागला.
बिल्डरने सरकारी ऑफिसात अर्ज केला की मागचा कातळ धोकादायक आहे, दगड सुटतायत, रहिवाशांच्या सेफ्टीसाठी तो कापून मागे घ्यावा लागेल.

सोबत पुरावा म्हणून एक फोटो. कलर प्रिंट. सुटलेल्या दगडांचा ढीग.

फोटो माझा होता.

चढण्याआधी आम्ही सैल दगड पहारीने काढून टाकतो, कोणाच्या डोक्यात पडू नयेत म्हणून. सगळेच क्लायंबर करतात. पण मी अतिशहाणा! ढिगाशेजारी उभा राहून फोटो टाकला, "आज एवढा माल काढला!" लाइक्स पण भरपूर आले.

"मन्या, तू ना..." ताई एवढंच बोलली.
आणि लगेच अर्ज लिहायला घेतला. कातळ प्रत्यक्ष तपासा, आम्ही एकेक दगड वाजवून दाखवतो.
अर्ज द्यायला मला पाठवलं आणि मी ऑफिसच्या बाहेर पडेपर्यंत तिचा फोन. "पोच घेतलीस का? शिक्का आहे का बघ नीट."

पाहणीला तीन साहेब, बिल्डरचा माणूस आणि गावातल्या चार-पाच बाया.
ताई रोपवर, दोराला बांधलेली. खाली रोप माझ्या हातात.

पक्का दगड हातोडीने खणखणीत वाजतो. सैल दगड बद्द वाजतो. खाली उभ्या माणसालाही फरक कळतो.

खण. खण. खण. एकेक दगड वाजवत ती वर चालली होती. साहेब लिहून घेत होते.

एक मावशी मध्येच म्हणाली, "आमचा दगड कधी पडला न्हाय, साहेब."

मग ताई 'हाफ डे'च्या त्या दगडापाशी पोचली.

तो मागून सुटत चाललाय हे तिला आणि मला, दोघांनाच माहीत होतं. काढू या, काढू या म्हणत दोघांनीही टाळलं होतं.

मी खालून ओरडलो, "ताई, उजवीकडून घे!" नेहमी रूट सांगतो तसं.

कोणी बघत नव्हतं हो! एक साहेब फोनवर, दोघं आपसात बोलत होते. तो एक दगड तपासणीतून सहज सुटून गेला असता.

तिने खाली पाहिलं. माझ्याकडेच.
आणि हातोडी मारली.

बद्द.

परत मारली, जरा जोरात, सगळ्यांनी वर बघेपर्यंत.
"साहेब, हा सैल आहे. लिहून घ्या."

बिल्डरचा माणूस खूश. "देखा सर? मैं क्या बोल रहा था?"

एवढ्या महिन्यांची धावपळ पाण्यात गेली असंच वाटलं.

"मन्या, पहार पाठव वर. आणि सगळ्यांना लांब कर. ओ भाई, आप भी हटो उधर से!"

वीस मिनिटं लागली. दगड धाडकन खाली आला, धूळ उडाली. मागे उघड्या पडलेल्या जागेवर तिने हातोडी मारली.
खण.

"आता लिहा. सैल होता, हाताने काढला. मागचा पक्का आहे. ह्याच्यासाठी डोंगर कशाला कापता?"

खाली उतरल्यावर मी सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडलो. "वेड लागलंय का तुला? 'हाफ डे' गेला! आता कोणीच चढू शकणार नाही!"

"आणि मी सोडला असता अन् त्यांच्या माणसाने वाजवला असता, मग? बाकीच्या दगडांवर कोण विश्वास ठेवणार होतं, लेका?"
ती हार्नेस सोडायला लागली. मी तोंड फिरवून निघून गेलो.

तीन आठवडे फोन केला नाही.
मग तिचाच मेसेज. ऑर्डरचा फोटो आणि खाली एक शब्द, "वाच."

सैल भाग हाताने काढावा. कातळ कापायला तूर्तास परवानगी नाही. वेळेअभावी राहिलेल्या डाव्या बाजूची पाहणी पावसाळ्यानंतर, मग अंतिम निर्णय.

मी नुसता अंगठा पाठवला. सॉरी भेटूनच म्हणू, असं म्हणत राहिलो. लाज वाटते आता.

ती पाहणी येत्या बुधवारी आहे. रोपवर ताई जाणार होती. आता मी जातोय.

आणि एक गोष्ट, जी मी तिलाही सांगितली नव्हती.
डाव्या बाजूला माझा रूट आहे. चार वर्षं घालवलीत मी त्याच्यावर. त्यातला एक दगड गेल्या वर्षीपासून बद्द वाजतोय, आणि मी गप्प बसलोय. त्या दिवशी मी ताईवर ओरडलो तो 'हाफ डे'साठी नव्हे. पुढचा नंबर माझा, ह्या भीतीने ओरडलो.

बुधवारी मी तिथे हातोडी मारणार आहे. दोनदा. सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

आज चार वाजता ताईच्या पेणकरपाड्याच्या घरून अंत्ययात्रा निघेल. ज्यांना जमेल त्यांनी या.

माझा शेवटचा जय भीम घे, ताई.