निशाणावरचा विल्फ हेसलडन

आमच्या ब्रॅकनसाइडच्या कोळसाखाणीतून वर आला तो थेट पार्लमेंटात गेला, असा हा विल्फ हेसलडन. विचारांनी लालभडक. पक्षाच्या प्रतोदानं उजवीकडे म्हटलं की हा डावीकडे. शेजाऱ्यांना कबुतरं पाळायचा नाद, तसा ह्याला स्वतःच्याच सरकारविरुद्ध मत द्यायचा. पक्षानं काढलं, परत घेतलं, पुन्हा काढलं. घरी मात्र बायकोच्या शब्दाबाहेर जायची टाप नव्हती. म्हणायचा, बंडालाही सुट्टी लागते.

खाण बंद पडली, विल्फ म्हातारा झाला, आणि कामगार संघटनेच्या नॉर्मन ट्युलिपनं ठरवलं की नव्या निशाणावर विल्फचाच चेहरा रंगवायचा. दर उन्हाळ्यात आमच्याकडे प्रत्येक खाणीचं गाव आपलं रेशमी निशाण घेऊन, बँड लावून शहरात मिरवत जातं. त्या रेशमावर चेहरा येणं म्हणजे संतपदच, आणि तेही बहुधा मेल्यावर मिळायचं. खाली ओळ ठरली : 'कधी झुकला नाही.'

चित्रकारासमोर बसायची वेळ आली की विल्फचा गुडघा धरायचा, नाहीतर कुत्रं आजारी पडायचं. आम्हाला वाटलं, लाजतोय. शेवटी फोटोवरून चित्र काढलं. क्लबात निशाण उलगडलं, बिअरचे ग्लास भरले, आणि विल्फ बोलायला उभा राहिला.

धुळीनं फुप्फुसं गेलेल्या खाणकामगारांच्या भरपाईचा ठराव पडला, तेव्हा विल्फचं मत पडलंच नव्हतं. प्रतोदानं मला खोलीत कोंडलं, असं त्यानं गावाला सांगितलं होतं. गावानं प्रतोदाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. खरं वेगळंच होतं, आणि ते त्यानं आत्ता उभं राहून सांगितलं. मतदानाची घंटा झाली तेव्हा विल्फ चहा पीत नव्या सभासदांना आपल्या जुन्या बंडाची गोष्ट सांगत होता. घंटेनंतर थोड्याच वेळात दारं बंद होतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

"लोक हसत होते," विल्फ म्हणाला. "म्हटलं, एवढं संपवून जातो."

नॉर्मननं सावरायला पाहिलं. "अरे, ठराव तसाही पडलाच असता."

"पडला असता," मॉली रटर म्हणाली. तिचा नवरा ज्यो त्याच धुळीनं गेला होता. "पण ज्योला दम लागल्याशिवाय धड बोलता येत नव्हतं, विल्फ. तरी तुझी बाजू घेऊन भांडायचा तो. आपल्या विल्फला कोंडलं म्हणायचा."

विल्फ म्हणाला, माझं तोंड पुसून टाका त्यावरून.

"राहू दे," मॉली म्हणाली. "त्या चित्राला मान खाली घालता येत नाही. तुला येते."

ज्याचा चेहरा, त्यानं निशाणापुढे चालायचं, अशी रीत आहे. विल्फ चालला, नजर बुटांवर ठेवून. दुतर्फा टाळ्या पडत होत्या. एवढा मोठा माणूस, पण बघा किती नम्र, असं लोक म्हणत होते. आम्ही ब्रॅकनसाइडचे मागून मुकाट चालत होतो. आमच्याही माना वर होत नव्हत्या. विल्फ, ती बंडाची गोष्ट सांग ना, असं म्हणत दर शनिवारी त्याला पेला भरून देणारे आम्हीच तर होतो.