दत्तारामकाकांची लॅमिनेट केलेली चिठ्ठी

शिक्का बसेना. दोनदा मारला, दोनदा बोट लागताच पुसला गेला. चिठ्ठी लॅमिनेट केलेली होती.

"काका, हे काय?"

"फाटायला आलेली गो. झेरॉक्सवाल्याकडनं प्लास्टिक घालून घेतलं," दत्तारामकाका कौतुकाने म्हणाले. बोटीवर नोकरी करून निवृत्त झालेले, वय अडुसष्ट. मणक्याचं ऑपरेशन झालेलं.

रत्नागिरीत माझं मेडिकल आहे. मी फार्मासिस्ट. औषध दिलं की चिठ्ठीवर शिक्का मारायचा असतो, म्हणजे तीच चिठ्ठी दुसऱ्या दुकानात चालत नाही. गडबडीत राहून जाऊ नये म्हणून मी शिक्का आधीच मारून ठेवते. म्हणून तरी लक्षात आलं. मग तारीख बघितली. आठ महिन्यांपूर्वीची. ट्रामाडॉल, पाच दिवस.

ट्रामाडॉल हे दुखण्यावरचं औषध, पण अफूच्या कुळातलं. जास्त दिवस घेतलं तर शरीर ते मागायला लागतं. दारूबरोबर किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर घेतलं तर श्वास मंदावतो. म्हणून त्याची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते.

"ही चिठ्ठी संपली, काका."

"आधार कार्ड संपतं काय कधी?"

"हे आधार कार्ड नाही."

"बाकीच्या मेडिकलवाल्यांना चालतं. शिक्का मारतात, मी रुमालान पुसतो. कोणाची तक्रार नाय."

मी नाही म्हटलं आणि नियम पाळल्याच्या समाधानात घरी गेले.

चार दिवसांनी तेच चिठ्ठीचं प्लास्टिक कार्ड काउंटरवर आलं. समोर चाळिशीची बाई.

"दत्ताराम कोण?"

"मीच."

"इथे पुरुष लिहिलंय."

बाईंनी कार्ड उलटसुलट करून बघितलं. "लिहिताना डॉक्टरांची चूक झाली असेल," म्हणाल्या, आणि मी फोन उचलते आहे असं दिसताच कार्ड घेऊन निघून गेल्या. मीही फोन खाली ठेवला. दुकानात गर्दी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिसरे दत्ताराम आले. खाकी शर्ट, काळेभोर केस, फार तर पस्तिशीचे.

"वय अडुसष्ट?"

"तब्येत सांभाळलीय, मॅडम."

मला हसू येणार होतं, पण तो शब्द ओढत बोलत होता. काउंटरला टेकून उभा होता. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. हे या गोळ्यांचं लक्षण आहे. मी बाहेर बघितलं. त्याची रिक्षा उभी होती आणि आत शाळेच्या गणवेशातल्या पाच मुली वेणीची रिबीन ओढण्यावरून भांडत होत्या.

"कुठे सोडायच्यात?"

"आरे-वाऱ्याच्या रस्त्यान."

त्या रस्त्याला एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मध्ये नुसती वळणं.

"किल्ली द्या. बिलाला लागते."

इतकी मूर्खपणाची थाप मी आयुष्यात मारली नव्हती. त्याने निमूट किल्ली दिली. मी ती गल्ल्यात टाकली, त्याला स्टुलावर बसवलं आणि चिठ्ठी लिहिणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांचा दवाखाना समोरच होता.

"सर, तुमचे दत्ताराम इथे बसलेत. झोप येतेय त्यांना."

"दत्ताराम? ते तर माझ्यापुढे बसलेत. गोळ्या लिहून द्या म्हणून अडून बसलेत."

डॉक्टर तसेच रस्ता ओलांडून आले, मागोमाग खरे दत्तारामकाकाही. रिक्षावाल्याने सकाळपासून चार गोळ्या घेतल्या होत्या, कंबर दुखते म्हणून. डॉक्टरांनी त्याला दवाखान्यात नेऊन संध्याकाळपर्यंत श्वासावर लक्ष ठेवलं. मुलींच्या घरी मी फोन केले. आया येईपर्यंत त्यांनी माझ्या वजनकाट्यावर आळीपाळीने उभं राहून पुन्हा भांडण केलं.

काका मात्र स्टुलावर बसून राहिले. कपाळावर घाम होता.

"वाडीत सगळ्यांना कार्ड देत होतो," ते म्हणाले. "गुडघा, दाढ, कंबर. नंबर लागायचा. मला दुकानदार ओळखायला लागले, मग वाडीतलेच माझ्या गोळ्या आणून द्यायचे." थोडं थांबून म्हणाले, "नाय घेतली तर रात्रभर पाय तडफडतात गो. दुखणं कधीच गेलं. ह्या गोळ्या काय जात नाय."

डॉक्टर त्यांना रागावले नाहीत. एकदम बंद करायचं नाही, असं ठरलं. डोस हळूहळू उतरवायचा, सोबत फिजिओथेरपी. एका वेळी आठवड्याच्याच गोळ्या, आणि त्या एकाच दुकानातून. डॉक्टर आता गोळ्यांची संख्या अक्षरात लिहितात. आम्ही मेडिकलवाल्यांनी एकमेकांना सावध केलं.

रविवारी डॉक्टर आणि मी वाडीत गेलो. उरलेल्या गोळ्या आणून द्या म्हटलं. लोकांनी मनापासून सहकार्य केलं. डोळ्यांचे थेंब आले, म्हशीचं जंताचं औषध आलं, होमिओपॅथीच्या साबुदाण्याच्या चार बाटल्या आल्या. ट्रामाडॉलच्या तीन पट्ट्याही आल्या. निघताना एका आजोबांनी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, "बीपीचं असं कार्ड मिळेल काय?"

काकांना गोळी पूर्ण सुटायला तीन महिने लागले. मधल्या काळात त्यांनी मला दोनदा शिव्या घातल्या आणि एकदा फणस आणून दिला. रिक्षावाला बरा आहे. मला बघितलं की रस्ता बदलतो.

काकांना पहिल्या दिवशी नाही म्हटलं तेव्हाच तो फोन करायला हवा होता. मधले पाच दिवस त्या मुली त्याच रिक्षातून गेल्या. आता नाही म्हटलं की मी लगेच डॉक्टरांना फोन लावते. काही डॉक्टर चिडतात. चिडू देत.