कार्डाला आवाज नव्हता

ताईनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी तिला वेड्यात काढलं. "कॉम्प्युटरचा आवाज बदललाय," ती म्हणाली. "आधी सेव्ह करताना कर्र-कर्र करून गप व्हायचा. आता मधीच अडखळतोय." मी शाळेत जाऊन पडद्यावर पाहिलं, सगळं ठीक दिसत होतं. तसं तिला सांगितलं, चहा प्यायलो आणि घरी आलो.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिसऱ्या वर्षी गोवरात तिचे डोळे गेले. नगरमधल्या अंध मुलींच्या एका शाळेत ती शिकवायची आणि मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत मशीन दुरुस्तीला होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. शाळेला कुणीतरी एक जुनापुराणा ३८६ कॉम्प्युटर आणि जाड कागदावर ठिपके उठवणारा ब्रेल प्रिंटर देणगी म्हणून दिला होता. ब्रेलचे सहा ठिपके, त्यांच्या सहा कळा, अशा रीतीनं ताई त्यावर टाइप करायची. बोलणारे कॉम्प्युटर आमच्यापर्यंत पोचले नव्हते आणि पडद्याचा तिला उपयोग नव्हता. सेव्हची कळ दाबायची, हार्ड डिस्क करकरली की लिहिलेलं आत उतरलं असं समजायचं. एवढ्या एका आवाजावर तिचं सगळं काम चालायचं.

त्या वर्षी दहावीची पुस्तकं बदलली होती आणि नव्या पुस्तकांच्या ब्रेल प्रती वेळेत मिळायची काही चिन्हं नव्हती. शाळेत दहावीला अकरा मुली. ताईनं उन्हाळ्याची सगळी सुटी घालवून मराठी आणि इतिहास अशी दोन पुस्तकं टाइप केली. एक निवृत्त बाई रोज येऊन तिला वाचून दाखवायच्या. पुढं त्या आपल्या मुलाकडं पुण्याला राहायला गेल्या. ब्रेलचा कागद दिवाळीपर्यंत येणार होता, मग छापायचं ठरलं होतं. तोवर दोन्ही पुस्तकं त्या एका डिस्कवर. फ्लॉप्यांवर उतरवून ठेवायचं मी कबूल केलं होतं. "पुढच्या रविवारी करतो" असं मी किती रविवार म्हणालो, हे ताईला नीट आठवत होतं. तोवर फ्लॉपीचा ड्राइव्हच धूळ खाऊन बंद पडला.

सप्टेंबरात एका सकाळी डिस्क सुरूच झाली नाही. मी खोका उघडला आणि पेचकसाच्या मुठीनं डिस्कच्या कडेला दोनदा हलकेच ठोकलं, तेव्हा कुठं ती फिरली. हे दुखणं मला माहीत होतं. अशा जुन्या डिस्कमध्ये तबकडी थांबली की तिच्यावरचं वाचणारं टोक चिकटून बसतं. फिरती आहे तोवर ठीक. थांबली की पुन्हा उठेल याचा भरवसा नाही.

उपाय माझ्या कंपनीतच होता. पत्रे ठोकून आकार देणाऱ्या आमच्या प्रेसशॉपमध्ये हादऱ्यांनी डिस्का टिकत नसत, म्हणून काही मशीनच्या कॉम्प्युटरमध्ये डिस्कऐवजी फ्लॅश कार्ड बसवलं होतं. काडेपेटीहून लहान, आत फिरणारं काही नाही. मध्ये एक छोटी पट्टी जोडली की कॉम्प्युटर त्यालाच डिस्क समजतो. भंगारात निघालेल्या एका मशीनच्या पॅनेलमधलं वीस एमबीचं कार्ड द्यायला साहेब तयार झाले. पट्टी मात्र पुण्याहून यायची होती, दसऱ्यानंतर. तोवर कॉम्प्युटर बंद करायचा नाही असं मी ठरवलं. कंपनीतला एक यूपीएस आणून लावला, शाळेच्या वसतिगृहाला जनरेटर होताच. एकदाच बंद करायचा, मी समोर असताना.

ते दोन आठवडे मी कसे काढले ते मलाच ठाऊक. जेवताना वीज गेली की घास तसाच राहायचा. रोज दुपारी कंपनीच्या फोनवरून शाळेत फोन करून मी विचारायचो, "चालू आहे का?" ताई म्हणायची, "फिरतीय, फिरतीय. तू जेव." बटणाजवळ 'बंद करू नका' अशी पाटी लावायला हवी होती, ती मी लावली नाही. मग ताईनं स्वतः तयार करून चिकटवली, ब्रेलमध्ये. शाळेचे शिपाई मामा डोळस, त्यांना ब्रेल येत नव्हतं. तोंडानंही तिनं त्यांना सांगितलं होतं, आणि मामा मान डोलावून हो म्हणाले होते.

खंडेनवमीचं काही आमच्या मनातच आलं नाही. आमचं घर बौद्ध. शस्त्रांची, यंत्रांची पूजा आमच्याकडं नसते. आमचा दसरा म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन. त्यासाठी आम्ही दोघं कर्जतला घरी गेलो होतो. इकडं मामांनी आदल्या दिवशी शाळेतली सगळी यंत्रं पुसून घेतली. पिठाची गिरणी, शिलाई मशिनी, पाण्याची मोटर, आणि हा कॉम्प्युटर.

आम्ही एसटीनं परत आलो तेव्हा कॉम्प्युटरला झेंडूचा हार होता. माउसलासुद्धा कुंकू होतं. ताई खोलीच्या दारातच थांबली आणि म्हणाली, "बंद हाय." मी अजून आत पाऊलही टाकलं नव्हतं.

मामांना बोलावलं. ते कळवळून म्हणाले, "रोजचं बंद करू नका म्हणला हुता तुमी. पण पूजेला तर करावंच लागतंय ना, बाई? चालू यंत्राला हळदकुकू कसं लावायचं?" मी त्यांच्यावर खेकसायला तोंड उघडलं होतं. ताईनं माझा दंड धरला. मामांचं काही चुकलं नव्हतं, पाटी मी लावायची होती.

पट्टी त्याच आठवड्यात आली. रविवारी सकाळी मी सामान घेऊन बसलो. कार्ड आणि डिस्क एकाच केबलला जोडली. चिकटलेली डिस्क सोडवायची एकच युक्ती मला माहीत होती: ती हातात धरायची आणि वीज देताक्षणी मनगटानं पीळ द्यायचा. दोनदा मी केलं. नुसती बारीक गुणगुण ऐकू आली.

"दे हिकडं," ताई म्हणाली. तिनं डिस्क तळहातांत धरली, मला बटण दाबायला सांगितलं आणि घट्ट बसलेलं डब्याचं झाकण फिरवावं तसा झटका दिला. डिस्क फिरली. ताई हलली नाही. पुढचे तीन तास ती डिस्क हातात घेऊन तशीच बसून होती.

कॉम्प्युटरला कार्ड दिसेना. सेटिंगमधले आकडे बदलायचे आणि वीज न घालवता पुन्हा सुरू करायचं, असं मी पाच वेळा केलं. सहाव्यांदा दिसलं. मग एकेक धडा कार्डावर उतरू लागला. मराठीचं पुस्तक सगळं आलं. इतिहासाच्या मध्यावर डिस्क खटखट करायला लागली. ताई हातांनी ऐकत होती म्हटलं तरी चालेल. "थांब. दम घेऊ दे तिला," ती म्हणायची. मी थांबायचो. "आता दाब." मी 'पुन्हा प्रयत्न' दाबायचो आणि धडा यायचा. शेवटचे दोन धडे मात्र आले नाहीत, त्यांची नुसती नावं उतरली, आत कोरं. किती वेळा दाबलं ते मोजलं नाही. शेवटी डिस्कनं एक लांब खरखर काढली आणि ती थांबली, ती कायमची.

मी डिस्क काढून ठेवली, नुसतं कार्ड लावून कॉम्प्युटर सुरू केला. काही आवाज नाही. पंखासुद्धा कुंकवानं की कशानं हळू फिरत होता.

"चालू हाय का?" ताईनं विचारलं.

मी मान हलवली. लहानपणापासूनची ही माझी खोड. तेव्हापासून ती मला रागवायची, आताही रागवली. "मुंडी काय हलवतूस? बोल की."

"चालू आहे."

"समदं आलं?"

तिच्या तळहातांवर डिस्कच्या कडांचे वळ उमटले होते. अख्खी सुटी तिनं त्या खुर्चीत काढली होती, आणि मी एक रविवार काढला नव्हता. "आलं," मी म्हणालो.

त्या दोन धड्यांचं मी काहीतरी करीन असं मनाशी धरून होतो. जेवणाच्या सुटीत रोज ती मेलेली डिस्क कंपनीत जोडून बघायचो. ती हूं की चूं करेना. शाळेत फोन करायचं मी बंद केलं. तिचा फोन आला तर साहेबांसोबत आहे असं सांगायला लावायचो. झोप अशी लागतच नव्हती. अकरा मुली परीक्षेला बसल्यात आणि त्यांच्या पुस्तकाची शेवटची पानं कोरी, हे मला उठता-बसता दिसायचं.

कार्डाचा एक गुण माझ्या ध्यानात आला नव्हता. ते गुपचूप काम करायचं. ताई सेव्ह दाबायची, आणि नुसती शांतता. उतरलं की नाही तिला कळेना. मग ती भरवसा ठेवीना. दिवाळीची वाट न पाहता, असलेल्या थोड्या कागदावर तिनं एकेक धडा छापून बोटांनी तपासायला घेतला.

आठवड्यानं निरोप आला, रविवारी ये. मी गेलो. टेबलावर ब्रेलच्या पानांचा गठ्ठा होता. तिनं माझं बोट धरून वरच्या पानावर फिरवलं. मला ब्रेल येत नाही, पण ते पान गुळगुळीत होतं एवढं कुणालाही कळलं असतं. तिनं दुसरं पान दिलं, तेही तसंच.

"यंत्राला तोंड न्हाई, ते गप बसलं," ती म्हणाली. "तुला काय झालं हुतं?"

लाज वाटली, म्हणजे अंगभर वाटली. मी म्हणालो, सेव्ह झालं की कॉम्प्युटर पीं करील असं काहीतरी करून देतो. ती म्हणाली, "ते करशील तवा करशील. आधी पुस्तक उघड."

इतिहासाचं डोळसांचं पुस्तक तिनं आणून ठेवलं होतं. मी वाचू लागलो, ती टाइप करू लागली. माझं वाचणं घाईचं, ती दर ओळीला थांबवायची. सनावळ्या दोनदा म्हणायला लावायची. प्रत्येक पान झालं की सेव्ह दाबायची आणि कान माझ्याकडं करून थांबायची. मी पडद्यावर बघून "झालं" म्हणायचो. असे चार रविवार गेले, दिवाळीचाही त्यातच गेला. तेवढ्या दिवसांत मी ताईच्या ब्रेल पाटीखाली मामांसाठी मोठ्या अक्षरांत दुसरी पाटीही लावली, आता तिची गरज नव्हती तरी.

शेवटच्या रविवारी दुपारी शेवटची ओळ संपली. शेजारच्या खोलीत ब्रेलच्या कागदाचे गठ्ठे येऊन पडले होते, मुली दारात घोटाळत होत्या. ताईनं सेव्ह दाबलं. मी पडद्याकडं पाहिलं. उतरलं होतं. इतकं हायसं वाटलेला माणूस करील तेच मी केलं, मान हलवली.

ताई थांबली. तिची बोटं अजून कळेवरच होती.

"झालं," मी म्हणालो. "समदं आलं, ताई. खरंच."

"मग छापायला लाव," ती म्हणाली, आणि तिनं कळेवरचा हात काढला.